तयार डिव्हायडर: सक्शन कपांच्या भरवशावर फ्लॉवरहॉर्न?

माशांच्या टाकीचे दोन कप्पे करणाऱ्या तयार डिव्हायडरच्या पाकिटातून निघतो भोकांचा प्लास्टिकचा पत्रा, कडेच्या पट्ट्या आणि काही सक्शन कप. 8-10 सेंमीच्या कॉन्व्हिक्ट माशांची जोडी आठवडाभर वेगळी ठेवायला एवढं पुरतं. पण पलीकडे फ्लॉवरहॉर्न किंवा रेड डेव्हिलसारखा 25 सेंमीचा भांडखोर मासा असेल, तर हे घेऊ नका.

खोट कपांतच आहे. काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर आला की पकड सुटते, आणि पुढे कपही कडक पडतात. मोठा मासा पत्र्याला धडका देतो तेव्हा आधी वरचा कोपरा सुटतो, आणि त्या फटीतून घुसायला त्याला वेळ लागत नाही. त्यात हे सगळे सिक्लिड कुळातले, म्हणजे रेती खणणारे. पत्रा रेतीवर टेकवला तर खालून वाट झालीच म्हणून समजा. तो टाकीच्या उघड्या तळाला टेकवायचा, मग दोन्ही बाजूंनी रेती भरायची. वरून थेट झाकणाला भिडला पाहिजे. हे मासे उडी मारतात.

भोकं बारीक असल्यानं ती घाणीनं बुजतात. फिल्टरची पाणी ओढणारी नळी एका कप्प्यात आणि सोडणारी दुसऱ्यात असेल, तर ओढणाऱ्या बाजूची पातळी खाली जाते. तशी दिसली की ब्रश फिरवायची वेळ झाली. दोन्ही नळ्या एकाच बाजूला ठेवल्या तर दुसरा कप्पा साचतो, शिवाय हीटरला त्या बाजूचा गारवा कळतच नाही.

मोठ्या माशांसाठी छताच्या दिव्यांखाली बसवतात ती चौकोनी घरांची पांढरी जाळी बरी. जाडी आणि घर साधारण 12 मिमी. कटरनं कापा, टोकं कानशीनं घासा. टाकी रिकामी असतानाच काचेच्या पट्ट्यांची खाच करून ॲक्वेरियम सिलिकॉननं चिकटवा, 48 तास वाळू द्या आणि जाळी त्यात सरकवा. प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत, त्यांना सिलिकॉन नीट धरत नाही.

जाळीतही एक गोम आहे. घरांतून दोघं एकमेकांचे ओठ पकडतात, फाडतात. म्हणून 5 सेंमी अंतरावर दोन जाळ्या लावा. एकच लावायची ती अंडी हवी असतील तेव्हा: मादी अंडी घालते ती फरशी जाळीला खेटून, फिल्टरचा हलका झोत नराकडून मादीकडे. वीर्य पाण्याबरोबर अंड्यांपर्यंत जातं, मादीचे डोळे शाबूत राहतात. मात्र पिल्लं पोहू लागली की या घरांतून सहज नराकडे जातात, त्याआधी ती काढून घ्या.