लेहला जाताना झोजिला की मनाली?

लेहला गाडीने जायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो रस्त्यावरून. कुणीतरी श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजिला खिंडीचा व्हिडिओ पाहिलेला असतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे चिखलात रुतलेला ट्रक. लगेच निकाल लागतो, "नको रे बाबा, मनालीवरून जाऊ, तिकडे आता बोगदा झालाय." माझं मत नेमकं उलट आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याने, त्यातही बरोबर लहान मुलं किंवा साठीपुढचं कुणी असेल तर, लडाखमध्ये शिरावं ते झोजिलावरून. मनालीचा रस्ता परतीला ठेवावा.

अंतराचा मुद्दा सोडून द्या. श्रीनगर ते लेह सुमारे 420 किलोमीटर, मनाली ते लेह अटल बोगद्यातून साधारण 430. निवांत जायचं तर दोन्हीकडे वाटेत मुक्काम करावाच लागतो. खरा प्रश्न आहे तो मुक्काम किती उंचीवर पडतो हा.

आधी झोजिला. खिंडीची उंची 3,528 मीटर, म्हणजे लडाखच्या हिशेबाने ठेंगणीच. इथे भीती उंचीची नाही, रस्त्याची आहे, आणि ती खोटी नाही. सोनमर्ग सोडलं की बालटालच्या डोक्यावरून रस्ता कड्याला चिकटून वर चढतो. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. वरून सैल दगडमाती, बर्फाचं वितळलेलं पाणी रस्त्यावरूनच वाहणारं. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की एवढा धुरळा की पुढचा ट्रक दिसेनासा होतो. समोरून लष्कराचा ताफा आला तर जागा मिळेल तिथे गाडी कड्याला लावून थांबायचं. पण हा सगळा प्रकार सोनमर्ग ते खिंड या पंधराएक किलोमीटरचा. खिंडीपलीकडच्या गुमरीला पोचलात की दरी रुंदावते आणि द्रासकडे जाणारा उतार अगदी सौम्य आहे. याच वाटेने 1 नोव्हेंबर 1948 रोजी जनरल थिमय्यांनी 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वर चढवले होते. रणगाडा गेला म्हणून आपली स्विफ्ट जाईलच असं नाही, पण कोरड्या हवेत आणि सकाळच्या वेळी ती जाते.

आता मुक्काम बघा. श्रीनगर साधारण 1,600 मीटर, सोनमर्ग 2,700, कारगिलही जवळपास तेवढंच, मग एकदम लेह, 3,500. मधे नमिका ला आणि फोटू ला या दोन खिंडी येतात; फोटू ला 4,108 मीटर आहे, झोजिलापेक्षा उंच. पण रस्ता चांगला, आणि तिथे तुम्ही फोटो काढण्यापुरते थांबता. शरीराला उंचीची सवय करून द्यायला याहून सोयीची वाट मुद्दाम आखली असती तरी जमली नसती.

मनालीकडे चित्र वेगळं आहे. अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. त्याने रोहतांगची खिंड टळली, आणि त्याबरोबर तिथला परवाना आणि गाड्यांची रांगही टळली. मात्र त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली, ती कुणी फारशी बोलत नाही. पूर्वी रोहतांगमध्येच एवढा वेळ जायचा की पहिली रात्र बहुधा बोगद्यापलीकडच्या केलाँगला पडायची. आता सकाळी मनाली सोडलेला माणूस त्याच दुपारी आणखी पुढच्या सरचूच्या तंबूत असतो. मनाली 2,050 मीटर, सरचू 4,290. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे, म्हणजे मनालीच्या डोक्यावर अख्खी कळसूबाई ठेवली तरी सरचू त्याच्याही वर राहतं. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. आपण इथे तीन हजारांच्या वरच अडीचपट उडी मारून वर मॅगी खाऊन झोपतो.

त्यात सरचूची जागाच अडचणीची. रात्री दोन वाजता कुणाचं डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, बसल्या जागी धाप लागली, तर उपाय एकच, खाली उतरणं. आणि खाली उतरायला आधी वर चढावं लागतं! मनालीकडे परतायचं तर बारालाचा ला ही खिंड, सुमारे 4,890 मीटर. लेहकडे जायचं तर गाटा लूप्सची वळणं चढून नकी ला आणि मग लाचुंग ला, पाच हजारांच्या वर. पुढच्या पांगच्या मुक्कामाचीही तीच गत, कारण त्याच्यापुढे तांगलांग ला आहे, 5,328 मीटर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. झोजिलाच्या रस्त्यावर द्रास, कारगिल अशी गावं आणि दवाखाने लागतात. इथे केलाँग सोडलं की लेहपर्यंत मोठं इस्पितळ नाही. पांगला लष्कराच्या तळावर मदत मिळते, तेवढीच.

हिमाचलची सरकारी दिल्ली-लेह बस बघा. ती रात्री केलाँगला थांबते, पहाटे निघते आणि सरचू, पांग मागे टाकून त्याच दिवशी लेह गाठते. रोज जाणाऱ्यांना काहीतरी कळत असणार. त्यामुळे मनालीवरूनच आत जायचं असेल, तर केलाँग किंवा त्याच्या पुढच्या जिस्पाला दोन रात्री काढा आणि तिथून एका दमात लेह. जिस्पाहून अंतर सुमारे 335 किलोमीटर. दिवस लांबतो, पण झोप सुरक्षित उंचीवर होते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून.

बाकीच्या गोष्टी भराभर. पेट्रोल: मनालीकडून केलाँगच्या अलीकडच्या तांदीच्या पंपावर टाकी भरायचीच, तिथली "पुढचा पंप 365 किलोमीटरवर" ही पाटी उगाच प्रसिद्ध नाही. कारगिलच्या वाटेवर ही चिंता नाही. फोन: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. मनालीच्या रस्त्यावर जिस्पाजवळच्या दारचापुढे कुठल्याच सिमचा भरवसा धरू नका. भाड्याची बुलेट मनालीहून घेतलीत तर लेहपर्यंत न्या, पण पँगाँग-नुब्राला स्थानिक लोक ती फिरू देत नाहीत. तिथे लेहचीच गाडी लागते.

ऋतूचं गणित मात्र दोन्हीकडे डोकेदुखीचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीची अडचण मनालीच्या आधीच, मंडी-कुलूच्या पट्ट्यात सुरू होते. जुलै 2023 मध्ये बियासच्या पुराने तो महामार्ग कितीतरी ठिकाणी खाऊन टाकला होता. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनजवळ दरडी कोसळतात, पण तो टप्पा विमानाने किंवा कटरा-श्रीनगर रेल्वेने टाळता येतो. शिवाय अमरनाथ यात्रेच्या काळात बालटालच्या यात्रा-तळामुळे झोजिलाखाली गर्दी आणि वाहतुकीच्या वेळांचे निर्बंध येतात. एकेरी वाहतूक कधी सोडणार ते आदल्या संध्याकाळी सोनमर्गला पोलिसांकडे विचारून घ्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर घरचे काश्मीरला नाही म्हणत असतील तर त्यात गैर काही नाही. त्यांच्यासाठी वर सांगितलेला जिस्पाचा मार्ग आहे.

एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांना बहुधा निवडच उरत नाही, कारण झोजिला आधी उघडतो. 2023 मध्ये तो 16 मार्चलाच खुला झाला होता. गगनगीर-सोनमर्गचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे सोनमर्गपर्यंतचा हिमकड्यांचा धोका गेला. खिंडीखालचा तेरा किलोमीटरहून लांब बोगदा वाहतुकीला खुला होईपर्यंत कडा चुकत नाही.

परतीला मनाली घेताना एक गोष्ट सांभाळा. बारालाचा आणि दारचाच्या मधले नाले बर्फाच्या पाण्याचे. पहाटे पायाच्या घोट्याएवढे, दुपारनंतर फुगलेले. बऱ्याच ठिकाणी पूल झालेत, सगळीकडे नाहीत. लेहहून पहाटे निघालात तरी तिथे पोचेपर्यंत नेमकी दुपार होते. म्हणून या दिशेने येताना सरचूला रात्र काढा, लेहपासून सुमारे 250 किलोमीटर. आठवडाभर लडाखमध्ये राहिलेल्या शरीराला ती उंची सहसा सोसते, आणि सकाळी सातच्या आत बारालाचा ओलांडला की नाले निमूट असतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर सरचूचे तंबू गुंडाळायला लागतात, तेव्हा निघण्याआधी लेहमधूनच चौकशी करा.