फुकटचा फॉन्ट, ट्रोजन आणि डिफेंडरचे आठ महिने

बेळगावात शहापूरला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. शिवाय अर्ज, बाँड, झेरॉक्स. कन्नडसाठी नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, पण एका गिऱ्हाईकाला हवा असलेला वळणदार मराठी फॉन्ट माझ्याकडे नव्हता. लग्नसराई अंगावर आलेली, म्हणून नेटवरून त्या पॅकेजची क्रॅक केलेली झिप उतरवली. झिपला पासवर्ड होता आणि सोबतच्या नोटपॅड फाइलमध्ये लिहिलं होतं: इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मी बंद केला. स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून अशा झिपला पासवर्ड लावतात, हे मला फार उशिरा कळलं.

पुढचा आठवडा सगळं सुरळीत. त्या झिपमध्ये ट्रोजन होता, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम. तो व्हायरससारखा आपल्या प्रती काढत पसरत नाही. आपणच त्याला दार उघडून देतो आणि तो गुपचूप बसून राहतो. पहिली शंका पंख्यानं आली. दुपारी दुकान रिकामं, डिझाइनचं कोरल बंद, तरी डब्यातला पंखा घरघरत होता. कोणता प्रोग्रॅम मशीनला किती राबवतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की आवाज खाली यायचा, बंद केला की थोड्या वेळानं पुन्हा सुरू. टास्क मॅनेजर उघडलेला दिसताच हात आखडता घेणारे ट्रोजन असतात. मग एका सकाळी मोबाइलवर जीमेलची सूचना आली, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची. पोटात गोळाच आला. त्याच मशीनवर लोकांची आधार कार्डं, पहाणीपत्रकं, बाँडचे मसुदे असतात.

बंद केलेला अँटिव्हायरस, म्हणजे विंडोजमधलाच डिफेंडर, पुन्हा चालू करून स्कॅन लावलं, तर म्हणे धोका नाही. दोन दिवस मी त्यावर विश्वास ठेवला. मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज असं खाली खाली जात एक्स्क्लुजन्सची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची, यादी उघडली. तिथं एकच ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. ती मी घातलेली नव्हती. इन्स्टॉल करताना मी ॲडमिनच्या परवानगीला 'येस' म्हणालो, त्या जोरावर ट्रोजननं डिफेंडरला 'इथं बघू नकोस' असं सांगून ठेवलं होतं. ट्रोजनची शंका आली की सगळ्यात आधी ही यादी बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

नेटची वायर काढली. पासवर्ड त्या मशीनवरून बदलायचे नाहीत, कारण टाइप केलेलं सगळं चोरापर्यंत जाऊ शकतं. मोबाइलवरून जीमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं. हे साइन आउट फार महत्त्वाचं आहे, कारण आपण लॉगिन आहोत याची खूण ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या कुकीज चोरीला गेल्या असतील तर चोराला पासवर्ड लागतच नाही. पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला असता. सुदैवानं गेले नव्हते.

एक्स्क्लुजन पुसलं, नेट तेवढ्यापुरतं जोडून डिफेंडर अपडेट केला आणि ऑफलाइन स्कॅन लावलं. यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे ट्रोजनला लपायला वाव कमी. पंधरा मिनिटं म्हणतात. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर जास्त लागली, आणि करंट जाईल या धास्तीनं मी यूपीएसकडे बघत बसलो होतो. निकाल प्रोटेक्शन हिस्टरीत शोधावा लागतो, समोर येत नाही, ही माझी कायमची तक्रार. दोन फाइल सापडल्या, काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक परत हजर!

ती कुठून येते ते मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोरन्स नावाच्या फुकट साधनानं दाखवलं. मशीनवर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी ते देतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्यावर मोजक्या ओळी उरल्या. शेड्यूल्ड टास्कमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, एक 'अपडेट' होतं, पण त्याची वाट ॲपडेटा फोल्डरमधल्या अगम्य नावाच्या फाइलकडे जात होती, बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही कुणाचीच नव्हती. तेच ट्रोजनला पुन्हा पुन्हा उतरवून आणत होतं. टास्क आणि फाइल दोन्ही काढली, मालवेअरबाइट्स या दुसऱ्या स्कॅनरनं आणखी एक फेरी मारली, तेव्हा कुठे पंखा शांत झाला.

त्याला आठ महिने झाले. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती मी ठेवली आहे. सुरुवातीचे १४ दिवस तो पहारा देतो, नंतर आपण सांगू तेव्हाच स्कॅन करतो. महिन्यातून एकदा दुसरं मत घ्यायला उत्तम, राखणदार म्हणून नाही. पहाऱ्याला डिफेंडर पुरेसा आहे, त्याच्या सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन मात्र चालू हवं. एकदा डिफेंडरनं माझं जुनं फॉन्ट बदलायचं साधन 'वाकाटॅक' नावाचा ट्रोजन म्हणून पकडलं. नावाच्या शेवटी 'एमएल' होतं, म्हणजे मशीन लर्निंगचा अंदाज. एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल या साइटवर टाकलं तर सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी दोघांनीच बोट दाखवलं, म्हणून ठेवलं. पण व्हायरसटोटलवर गिऱ्हाईकाची कागदपत्रं कधीही टाकू नका, तिथल्या फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळतात.

बँकेचं काम मी आता दुकानातल्या मशीनवर करत नाही. साफ केलेल्या मशीनवर काही उरलंच नाही याची शंभर टक्के खात्री कुणी देऊ शकत नाही. बँकेचं मशीन असतं तर सरळ फॉरमॅट मारला असता.

परवा खानापूरहून एक पोरगा आला, "मामा, पेनड्राइव्ह लावू काय? उतारा काढायचा हाय." एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट, दिसतील अशी सेटिंग मी आता कायम ठेवली आहे. त्याच्या 'उतारा पीडीएफ'च्या शेपटाला ईएक्सई होतं, म्हणजे तो कागद नसून प्रोग्रॅम होता, चिन्ह मात्र पीडीएफचंच. त्याला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, पेनड्राइव्ह काढला आणि उतारा ऑनलाइन नव्यानं काढून दिला.