एमजीबीला १२३ इग्निशन: दोन हिवाळ्यांनंतर

माझी एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७० सालची आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या घराच्या गॅरेजमध्ये ती चार वर्षं सुटी होऊन पडली होती. दोन्ही बाजूंच्या गंजलेल्या सिल (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळया) कापून नव्या वेल्ड केल्या. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार सिलवरच असतो, म्हणून कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या. सीट, चाकं, रंग, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, सगळं मूळचं तसंच ठेवलं. एक बदल मात्र मुद्दाम केला: लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) काढून तिथे १२३ इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवला. त्यावर आता दोन हिवाळे काढलेत, म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, मला नवीन नव्हते. कोल्हापुरात उद्यमनगरात बाबांचं गॅरेज होतं आणि तिथे ॲम्बेसेडर रांगेनं उभ्या असायच्या. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीची बी-सिरीज. पहिल्यांदा बोनेट उघडून व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, हे तर आपलंच इंजिन!" फिलर गेजची १५ थाऊची (इंचाच्या हजाराव्या भागांत) पट्टी पॉइंटमध्ये सरकवून अंतर धरायला मी दहावीत असताना शिकले. म्हणजे हाताला सवय नाही म्हणून मी इलेक्ट्रॉनिककडे गेले असं झालं नाही.

कारण होतं डिस्ट्रिब्युटरचा जुना शाफ्ट. पन्नास वर्षांत त्याचा बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो ती नळी, झिजला होता. शाफ्ट हलला की पॉइंटचं अंतर प्रत्येक सिलिंडरला वेगळं पडतं आणि ठिणगीची वेळ मागंपुढं होते. पॉइंटची टाच झिजते, अंतर कमी होतं, टायमिंग मागं सरकतं. वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या की हा ॲडव्हान्स लवकर चढतो. त्यात पॉइंट जळू नयेत म्हणून लावायचे कंडेन्सर हल्ली नवे मिळतात ते भरवशाचे नाहीत. एका दुकानातून आणलेला कंडेन्सर मला ३०० मैलसुद्धा पुरला नाही. मोरटन-इन-मार्शच्या अलीकडे, संध्याकाळी पावसात गाडी बंद पडली आणि सोबत आठ वर्षांचा मुलगा होता. त्याला घोंगडीत गुंडाळून दोन तास बसवावं लागलं. त्या रात्री ठरवलं.

१२३ हा हॉलंडमध्ये बनतो. बाहेरून बघाल तर साधा डिस्ट्रिब्युटरच. आत पॉइंट, कंडेन्सर, वजनं काहीच नाही. मायक्रोप्रोसेसर इंजिनाच्या फेऱ्यांवरून ॲडव्हान्स ठरवतो. मी घेतलेल्या मॉडेलमध्ये सोळा कर्व्ह (कोणत्या वेगाला किती ॲडव्हान्स याचे आलेख) आधीच भरलेले आहेत आणि व्हॅक्यूमची नळीही जोडता येते. मोबाइलवरून कर्व्ह आखता येणारं महाग मॉडेलही आहे. घरी ट्यूनिंग करणाऱ्याला त्याचा मोह पडेल, पण मूळच्या कॅमवर चालणाऱ्या इंजिनाला सोळा पुष्कळ आहेत. तीनशेच्या वर पौंड गेले. त्या पैशात पॉइंटचे सेट आयुष्यभर आणता येतील हे खरं आहे, पण झिजलेला शाफ्ट त्यांनी सुधारत नाही.

बसवायला एक दुपार लागली. एमजीबीत डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या उजव्या बाजूला, प्लगांच्या बाजूलाच असल्यामुळे कार्ब्युरेटर आडवे येत नाहीत. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवली, जुना उपसायच्या आधी रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढला, नवा आत सोडला. मग गाडीची चावी फिरवून डिस्ट्रिब्युटर अगदी सावकाश वळवत गेलं की आत हिरवा दिवा लागतो. तिथे आवळायचं. वायरी १-३-४-२ या क्रमानं, घड्याळाच्या उलट दिशेनं. दुसऱ्याच सेल्फला इंजिन धरलं. शेवटी स्ट्रोबनं (टायमिंग बघायच्या लुकलुकणाऱ्या दिव्यानं) तपासून घ्याच, कारण दिव्यावर लावलेलं टायमिंग माझ्या गाडीत थोडं मागं होतं.

खरा फरक कळला तो ब्रॉडवे गावच्या फिश हिलच्या चढावर. पूर्वी तिथे तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिन नॉक करायचं, मग मी लगेच दुसरा टाकायची. आता तिसऱ्यातच, घाई न करता, चढ संपतो. आयडलिंगला हजाराच्या खाली काटा स्थिर राहतो, सिग्नलला स्टिअरिंग थरथरत नाही. जानेवारीत थंडी शून्याखाली गेलेली असताना चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू होते. आणि आवाज बदललेला नाही. तो बदलेल याचीच मला सगळ्यात जास्त काळजी होती. एक्झॉस्टचा तो जाड, घुमणारा सूर तसाच आहे, फक्त मधली खोकल्यासारखी ठेच गेली.

तक्रारीही आहेत. कर्व्ह बदलायचा स्विच बॉडीवर एका छोट्या बोल्टच्या आड आहे. ॲलन कीनं तो काढायचा आणि आतली बारीक खाच स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायची. गाडीत बसवल्यावर तिथे नजर पोचत नाही, मला दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा आणावा लागला. म्हणून कर्व्ह टेबलावरच निवडून ठेवा. दुसरी गोष्ट गंभीर आहे: हा रस्त्यात मेला तर दुरुस्ती नाही. पॉइंट पॉलिश पेपरनं घासून घर गाठता येतं, इथे तसं काही करता येत नाही. नव्या बुशवर नीट केलेला जुना २५डी४ मी पॉइंट-कंडेन्सरसकट डिकीत ठेवते, सोबत एक पाना आणि बाबांचं फिलर गेज. अजून काढायची वेळ आलेली नाही.

आधी बाकीचं इंजिन ठीक करा. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स चुकलेलं, कार्ब्युरेटरचे शाफ्ट हवा ओढणारे, अशा गाडीला हा लावून पैसे वाया जातील. १९६७च्या आधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) असतात, त्यांना वेगळं मॉडेल लागतं, ऑर्डर देताना ते स्पष्ट विचारा. रबर बंपरवाल्या बऱ्याच गाड्यांत कॉइलला बॅलस्ट (रोध असलेल्या) वायरीतून कमी व्होल्टेज मिळतं. तिथे डिस्ट्रिब्युटरची लाल वायर कॉइलला न जोडता फ्यूज बॉक्सवरून पूर्ण बारा व्होल्ट घेऊन द्या.