'बॉम्बे' कॉर्व्हेटसाठी घेतलेला १:७२ फायबरग्लास हल

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बांधलेल्या बाथर्स्ट वर्गाच्या ६० कॉर्व्हेटपैकी (कॉर्व्हेट म्हणजे छोटी युद्धनौका) ४ रॉयल इंडियन नेव्हीसाठी होत्या आणि त्यांतल्या एकीचे नाव 'बॉम्बे' होते. मे १९४२च्या अखेरीस जपानी छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या, तेव्हा ती तिथेच उभी होती. मुंबईचे नाव धारण केलेल्या या जहाजाची पाण्यावर चालणारी प्रतिकृती करावी म्हणून मी १:७२ प्रमाणातला तयार हल, म्हणजे जहाजाचे पोकळ मुख्य अंग, मागवला. खोक्यात हलखेरीज काहीही नसते, म्हणून हे परीक्षणही फक्त हलचेच आहे.

आकार उत्तम आहे, आणि या वस्तूचे खरे मोल तेवढ्यातच आहे. मूळ जहाज १८६ फूट लांब आणि ३१ फूट रुंद होते, म्हणजे प्रतिकृती साधारण ७८७ बाय १३१ मिलिमीटर भरायला हवी. लांबी जवळजवळ तंतोतंत जुळते, नाळेची (पुढच्या टोकाची) वळणे स्वच्छ आहेत आणि पिछाडीची गोलाईही छायाचित्रांशी जमते. मध्यभागी वरच्या कडेची रुंदी मात्र काही मिलिमीटर जास्त भरते. डेक नसलेल्या पातळ हलच्या बाजू मोकळ्या सुटतात, त्यामुळे याला मी दोष मानत नाही. नेमक्या रुंदीच्या प्लायवूडच्या आडव्या पट्ट्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे बसवत गेले की बाजू जागेवर येतात. त्याआधी हलला पीळ नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे, कारण पट्ट्या चिकटल्यावर पीळ कायमचा राहतो. हल सपाट टेबलावर ठेवून नाळेजवळ आणि पिछाडीजवळ एकेक सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि दोन्ही समांतर दिसतात का ते एका टोकाकडून नजर लावून पाहावे.

चिकटवण्याच्या बाबतीत घाई करू नये. साच्यातून सुटावा म्हणून लावलेले मेण हलच्या बाहेरच्या अंगावर राहिलेले असते. ते धुऊन काढण्याआधी पॉलिश पेपर मारला, तर ते पृष्ठभागात आणखी रगडले जाते आणि पुढे रंग धरत नाही. आतली बाजू खरखरीत करून तिथे इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचे चिकट रेझिन) हेच वापरावे, कारण हलच्या जुन्या, पूर्ण सुकलेल्या पॉलिएस्टरवर नवे पॉलिएस्टर रेझिन तितकी पकड घेत नाही. घासताना मास्क लावलाच पाहिजे, कारण काचतंतूंची धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला त्रास देते.

माझी मुख्य तक्रार शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, जागेबद्दल आहे. जहाजाला ढकलणारे दोन पंखे (प्रोपेलर) होते आणि त्यांच्या नळ्यांसाठी हलवर खुणा दिलेल्या आहेत, पण नेमका तिथेच थर इतका पातळ आहे की बोटाने दाबला तरी लवतो. भोक पाडण्यापूर्वी आतून काचकापडाचे दोन थर देणे मला भाग पडले. त्या खुणांवरही डोळे झाकून विसंबू नये. याच वर्गाचे 'व्हायाला' हे जहाज दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याच नावाच्या गावी संग्रहालय म्हणून चक्क जमिनीवर उभे आहे, त्यामुळे एरवी पाण्याखाली दडणारे पंखे, सुकाणू आणि शाफ्टचे आधार त्याच्या छायाचित्रांत उघडे दिसतात. ती छायाचित्रे समोर ठेवूनच नळ्यांचा कोन ठरवावा.

पोर्टहोलच्या (गोल खिडक्यांच्या) खुणा खोलगट ठिपक्यांच्या रूपात उमटवल्या आहेत. वेगवेगळ्या गोद्यांत बांधलेल्या जहाजांत त्या एकसारख्या असतील असे धरून चालता येत नाही, तेव्हा आपल्या जहाजाच्या छायाचित्राशी न जुळणारे ठिपके पुट्टीने बुजवावेत. हलचे अंग गुळगुळीत आहे, पत्र्यांचे जोड दाखवलेले नाहीत, आणि मला ते योग्यच वाटते. पाव इंच जाडीच्या पत्र्याची कड या प्रमाणात ०.०९ मिलिमीटरच भरते. मास्किंग टेप लावून मारलेल्या प्रायमरच्या थरातून ती साधते, तर साच्यातून आलेली कड हमखास जाड दिसली असती.

वजनाची चिंता नाही. पूर्ण भारासह मूळ जहाज सुमारे १,०२५ टन होते, म्हणजे प्रतिकृतीला जवळपास २.८ किलो वजन चालते. मोटर, बॅटरी आणि तळाशी ठेवायचे शिसे यांना त्यात पुरेशी जागा उरते. वरचे बांधकाम मात्र पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचे करावे, नाहीतर प्रतिकृती पाण्यात डोलते.

पहिलीच प्रतिकृती करणाऱ्याला मी हा हल सुचवणार नाही. ज्याच्याकडे जहाजाचा चांगला आराखडा आहे आणि आतल्या मजबुतीसाठी वेळ देण्याची तयारी आहे, त्याने तो जरूर घ्यावा. मागवताना वरची कड न कापता पाठवायला सांगावे, म्हणजे फोकसलची (पुढच्या उंच डेकची) उंची आपल्या आराखड्याप्रमाणे राखता येते.