स्क्रूची भोकं भरायला इपॉक्सी: थंडी ते पावसाळा वापरल्यानंतर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लायवूडची छोटी वल्ह्याची होडी बांधतोय. इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा गोंद) धरेपर्यंत प्लाय जागेवर राहावा म्हणून तात्पुरते स्क्रू मारतात. ते काढले की उरतात भोकंच भोकं. आमचे सुतारकाका म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला खर्च? लांबी भरा." कपाटाला लांबी (साधी पुट्टी) चालेल हो, पण होडीच्या भोकात प्लायचे थर उघडे पडलेले असतात. तिथून पाणी शिरलं की प्लाय आतून कुजतो.

म्हणून भोक नुसतं बुजवून भागत नाही. मागून टेप लावायचा, आधी पातळ इपॉक्सी आत सोडून लाकडाला पिऊ द्यायची, आणि ती ओली असतानाच पूड मिसळून घट्ट केलेली भरायची, किंचित उंच. पातळ हात वगळला तर कोरडं लाकूड भरण्यातलं रेझिन शोषतं आणि भरणा खाली बसतो.

माझ्या मते इपॉक्सीच्या ब्रँडपेक्षा तिच्यात काय मिसळता याला जास्त महत्त्व आहे. कोलॉइडल सिलिकाने (ही अगदी बारीक, हलकी पूड) भरणा मजबूत होतो, ओघळत नाही, पण वाळल्यावर दगड. पॉलिश पेपर मारताना आजूबाजूचा मऊ प्लाय झिजतो आणि भोकाच्या जागी फोड वर राहतो. चकचकीत रंगाखाली तो हमखास दिसतो. म्हणून आत सिलिका, आणि वरचा पातळ हात मायक्रोबलून्सचा, चक्क्याइतका घट्ट. हे पोकळ सूक्ष्म गोळे असतात, सहज घासले जातात. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच: आधी 80 नंबरचा, मग 120. बोटाने घासलं की खड्डा पडलाच समजा. व्हार्निश करून लाकूड दिसू द्यायचं असेल तर मात्र बारीक लाकडी भुकटी बरी; तरी डाग थोडे गडद दिसतातच.

हवामानाचं सांगायचं तर जानेवारीच्या सकाळी रेझिन इतकं दाट होतं की डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो. मे महिन्यात उलट त्रास: खोल कपात कालवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून हातात घट्ट होतं. थोडंथोडं कालवा, पसरट ताटलीत ओता. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवू नका, त्याने भरणा कच्चा राहतो. प्रमाण डब्यावर दिलेलंच, डिजिटल काट्यावर. वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, तेवढं बघा.

पावसाळ्यात वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. घासण्याआधी तो साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा. थिनरवर विसंबू नका. थर राहिला तर पेपर भरतो आणि वरचा रंग धरत नाही.

ग्लोव्हज आणि मास्क हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही, आणि सिलिका डबा उघडताच उडते. उन्हात इपॉक्सी पिवळी पडून खराब होते, त्यामुळे वर रंग किंवा यूव्ही व्हार्निश लागतंच.

रेझिनशिवाय बाकीचं किरकोळ सामान पुण्यात रविवार पेठेत मिळतं. मायक्रोबलून्स फायबरग्लासच्या सामानवाल्याकडे विचारा. भोकं चार-पाचच असतील तर एवढा पसारा मांडू नका, हाताने मळायची इपॉक्सी पुट्टी पुरे. फक्त ती लाकडात मुरत नाही, तेव्हा पातळ इपॉक्सीचा हात तिथेही आधी द्यायचाच.