‘प्रॉबेबली’ लिहावं की ‘लाइकली’?

गोव्यात फोंड्याजवळ आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे आणि पाहुण्यांशी सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. सप्टेंबर संपत आला की एकच प्रश्न येतो: दूधसागर धबधब्याला जाणाऱ्या जिपा सुरू होतील ना? पावसाळ्यात त्या बंद असतात. एकाला मी लिहिलं, ‘जीप्स विल पॉसिबली स्टार्ट बाय देन.’ डोक्यात होतं ‘शक्यतो होतील’, म्हणजे काही आडवं आलं नाही तर होतीलच. त्याने त्याच दिवशी बुकिंग रद्द केलं. त्याचं काही चुकलं नाही. ‘शक्यतो’मध्ये जमेल तितका प्रयत्न आणि मनाचा कल, दोन्ही असतात. ‘पॉसिबली’ एवढंच सांगतं की गोष्ट अशक्य नाही. मी ‘होईल’ म्हणालो, त्याने ‘कठीण दिसतंय’ असं वाचलं.

तेव्हा गिऱ्हाइकाला इंग्रजीत लिहिताना आपल्या ‘बहुधा’, ‘बहुतेक’साठी ‘प्रॉबेबली’ घ्यावा. निम्म्याहून जास्त खात्री असेल तरच तो लिहावा, आणि वाचणाराही तेवढंच धरून चालतो.

‘लाइकली’चं वजन बोलण्यात तेच, पण कागदावर तो घोळ घालतो. भारतीय हवामान खात्याच्या इशाऱ्यांत ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ ७५च्या वर. हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत मात्र ‘लाइकली’ची सुरुवातच ६६ टक्क्यांना होते. जुलैत मी पत्रकातलं ‘हेवी रेन लाइकली’ जसंच्या तसं पाहुण्याला पाठवायचो. तो ते ‘पडणारच’ असं वाचायचा, पत्रकाच्या हिशेबाने मात्र न पडण्याचीच बाजू जड. आता नुसता ‘लाइकली’ मी पाठवत नाही, पुढे टक्के लिहितो.

‘मे’ आणि ‘माइट’ यांत ‘माइट’ कमकुवत, असं शाळेत शिकवलं होतं. रोजच्या लिहिण्यात तो फरक कुणी फारसा पाळत नाही. खरी गंमत नकारात आहे. वीज गेली तर गरम पाणी मिळेलच असं नाही, हे सांगायला मी न्हाणीघराच्या दारावर पाटी लावली होती: ‘गेस्ट्स मे नॉट गेट हॉट वॉटर.’ एका बाईंनी हसत विचारलं, ‘बंदी आहे का?’ ‘मे नॉट’ म्हणजे ‘परवानगी नाही’ असाही अर्थ निघतो. ‘माइट नॉट’ लिहा, सुटाल.

‘परहॅप्स’ इस्त्री केलेला, ‘मेबी’ घरातला. व्हॉट्सॲपवर ‘मेबी’ चालतो. दोघांच्याही भरवशावर खोली अडवून ठेवू नये.

एवढं निवडूनही शब्द पक्का होत नाही, हा जुनाच अनुभव आहे. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असा अहवाल अमेरिकेच्या सीआयएने दिला. तो अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंटच्या मनात ६५ विरुद्ध ३५ असं प्रमाण होतं. मग त्याने सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणी २० टक्के धरले होते, कुणी ८०. सगळ्यांनी मिळून मंजूर केलेला शब्द हा!

म्हणून जिपांबद्दल मी आता लिहितो: ‘प्रॉबेबली येस, माझ्या अंदाजाने सत्तर टक्के. निघण्याआधी दोन दिवस फोन करा.’ सत्तर हा अंदाजच, पण निदान तो माझा आणि पाहुण्याचा एकच असतो.

उलट बाजूने ‘वुई विल प्रॉबेबली रीच फॉर डिनर’ असा निरोप आला की मी आईला वाचून दाखवतो. ती टक्के विचारत नाही. माशांचं हुमण सगळ्यांपुरतं करते, तांदूळ धुऊन ठेवते आणि गाडी फाटकात शिरली की मगच भात टाकते.