कोळंबी संघाची भरती : ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ तळच्या विभागातून खेळताना

जून आणि जुलै या दोन महिन्यांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका नांगरून पडलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपत आली की नौकामालकांची खरी धावपळ सुरू होते, कारण नव्या हंगामासाठी तांडेल (नौकेचा प्रमुख) कोण, खलाशी किती, गेल्या वर्षीच्यांपैकी परत कोण येणार आणि कोणी दुसऱ्याकडून उचल घेतली, हे सगळे त्याच दिवसांत ठरते. माझे काका नौकामालक असल्यामुळे ही धावपळ मी लहानपणापासून जवळून पाहत आलो आहे. म्हणूनच ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ या संगणकीय खेळातला जो भाग अनेकांना रूक्ष वाटतो, तोच मला सर्वांत अधिक भावला. तो भाग म्हणजे खेळाडूंची भरती, आणि तीही हाती पैसा नसलेल्या क्लबसाठी केलेली. गेले दोन पावसाळे मी या खेळात घालवले आहेत आणि पुढील अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात आपण स्वतः चेंडू खेळवत नाही. आपण एका क्लबचे व्यवस्थापक असतो आणि संघनिवड, डावपेच, सराव, करार, पगार आणि खेळाडूंची खरेदी-विक्री हे आपले काम असते. पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या भावांनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने ही मालिका सुरू केली. पुढे प्रकाशकाशी फारकत झाल्यावर त्यांच्या स्पोर्ट्स इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीने २००४ पासून ‘फुटबॉल मॅनेजर’ हे नाव घेतले आणि २००६ मध्ये ती कंपनी सेगा या जपानी खेळ-कंपनीच्या मालकीची झाली. २०२४ ची आवृत्ती ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आली. २०२५ ची आवृत्ती कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली, त्यामुळे चाहत्यांनी ही एकच आवृत्ती दोन हंगाम खेळली. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२६ ची आवृत्ती नव्या सॉफ्टवेअर इंजिनासह बाजारात आली असली, तरी मी आजही २०२४ चीच शिफारस करतो. ती वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर चालते, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय खेळता येते, आणि पावसाळ्यात दिवसातून दोनदा नेटवर्क जाणाऱ्या आमच्यासारख्या गावांत ही सोय फार मोलाची आहे.

क्लब निवडताना मी मोठ्या नावांकडे वळलो नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम नावाचे गाव आहे. तेथील उपसागरात ओहोटीच्या वेळी पूर्वी घोडागाडीतून आणि नंतर ट्रॅक्टरने कोळंबी पकडत असत, आणि म्हणून तेथील फुटबॉल क्लबचे टोपणनावच ‘द श्रिंप्स’, म्हणजे कोळंब्या, असे आहे. ज्याच्या घरी आठवड्यातून चार वेळा कोळंबी शिजते, त्याने दुसरा कोणता संघ निवडावा? क्लबची स्थापना १९२० ची, मैदानाची क्षमता सुमारे साडेसहा हजार. २००७ मध्ये हा क्लब प्रथमच व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये आला, चौदा वर्षे चौथ्या स्तरावर टिकून राहिला आणि २०२१ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर न्यूपोर्ट संघाला जादा वेळेतल्या एका पेनल्टी गोलने हरवून तिसऱ्या स्तरावर गेला. २०२३ मध्ये तो परत खाली घसरला. खेळ सुरू होतो तो नेमका या घसरणीनंतरच्या उन्हाळ्यात, जेव्हा संघ विस्कटलेला असतो आणि पाठीराख्यांच्या मनात मात्र पुन्हा वर जाण्याची आशा असते.

चौथ्या स्तराचे, म्हणजे लीग टूचे, गणित असे आहे. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिल्या तिघांना थेट बढती, चौथ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांमध्ये प्लेऑफ (बाद पद्धतीचे सामने) आणि त्यातून आणखी एकाला बढती, तर शेवटचे दोन संघ खालच्या नॅशनल लीगमध्ये. हे सगळे नियम खेळात जसेच्या तसे आहेत. आपल्याकडच्या प्रेक्षकाला या चढउताराची सवय नाही, कारण २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये खालच्या लीगमधून मैदानावरच्या कामगिरीच्या बळावर वर येण्याचा मार्ग उघडायला कितीतरी वर्षे लागली. २०२२-२३ च्या आय-लीगचा, म्हणजे त्याखालच्या लीगचा, विजेता पंजाबचा संघ हा तसा वर गेलेला पहिला. आमच्या शेजारच्या गोव्यातला डेम्पो क्लब तर पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला, तरीही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या विभागातून झगडत परत आय-लीगमध्ये आला. सिंधुदुर्गापासून रत्नागिरीपर्यंत ज्यांनी डेम्पोची ती वाटचाल पाहिली आहे, त्यांना या खेळातली बढतीची ओढ समजावून सांगावी लागणार नाही.

आता भरतीकडे येतो. प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या मापाने दिलेले असतात, परंतु ज्या खेळाडूची आपल्याला माहिती नाही त्याचे गुण नेमके दिसत नाहीत. ‘वेग ९ ते १४’ अशी संदिग्ध व्याप्ती दिसते आणि आपला स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, त्याला पाहून आल्यावर ती हळूहळू आकसत जाते. गरीब क्लबकडे स्काउट मोजके आणि त्यांचा खर्चही मर्यादित, त्यामुळे कोणाला पाहायला पाठवायचे हाच पहिला मोठा निर्णय ठरतो. सातत्य, मोठ्या सामन्यातली कामगिरी, दुखापतीची प्रवृत्ती हे गुण तर आकड्यांत दिसतच नाहीत. अहवालातल्या एखाद्या वाक्यातून ते ताडावे लागतात. पहिल्या हंगामात मी ही वाक्ये वाचली नाहीत आणि केवळ गुणांवर भाळून एका आघाडीपटूला दोन वर्षांचा करार दिला. तो सप्टेंबरमध्ये जायबंदी झाला, जानेवारीत पुन्हा झाला, आणि त्याचा पगार मात्र मे महिन्यापर्यंत दर आठवड्याला जात राहिला. अहवालात त्याच्या दुखापतींविषयी स्पष्ट लिहिलेले होते.

दुसरी गोष्ट ताऱ्यांची. खेळ प्रत्येक खेळाडूला तारे देतो, पण हे तारे आपल्याच संघाच्या तुलनेत असतात, ही बाब नवख्याच्या लक्षात येत नाही. संघ दुबळा असला की साधारण खेळाडूही चार ताऱ्यांचा दिसतो आणि आपण हुरळून जातो. त्यापेक्षा गुणांचा तक्ता उघडून धाव, दमसास, उडी, धैर्य आणि जिद्द पाहावी, कारण चौथ्या स्तरावरचे सामने बहुतेक वेळा याच गुणांवर ठरतात आणि नाजूक पायांचा कसबी खेळाडू नोव्हेंबरच्या चिखलात दिसेनासा होतो.

लीग टूमधला क्लब सहसा खेळाडू विकत घेत नाही. करार संपलेले मोकळे खेळाडू, चाचणीसाठी बोलावलेले तरुण आणि मोठ्या क्लबांकडून हंगामापुरते उसने आणलेले खेळाडू, यांवरच संघ उभा राहतो. उसनवारीतला खेळ मला सर्वांत अस्सल वाटला. मोठा क्लब आपला एकोणीस वर्षांचा बचावपटू देतो, पगाराचा काही भाग स्वतः उचलतो, पण त्याला नियमित खेळवण्याची अपेक्षा ठेवतो आणि ती पूर्ण झाली नाही तर नाराज होतो. असा मुलगा सामन्यागणिक सुधारत जातो, प्रेक्षकांचा लाडका होतो, आणि मे संपताच निघून जातो. ऑगस्टमध्ये ती जागा परत रिकामी. एका संध्याकाळी काका मागे उभे राहून हा पगारतक्ता बराच वेळ पाहत होते. त्यांनी एवढेच विचारले, “ह्याला उचल किती दिलीस, आणि हंगाम पुरा करील ना?” ज्या माणसाचे दोन खलाशी भर हंगामात निघून गेलेले आहेत, त्याला या तक्त्याचा अर्थ सांगण्याची गरज पडली नाही.

कराराच्या वाटाघाटींत एक बारीक कलम असते, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. एजंट मूळ पगार कमी स्वीकारतो आणि त्या बदल्यात ‘बढती मिळाल्यास पगारवाढ’ असे कलम घालून घेतो. बढतीची आशा दूर असताना हे कलम फुकटचे वाटते. मी ते अकरा खेळाडूंना दिले. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस आम्ही वर गेलो त्या क्षणी पगाराचा बोजा एकदम वाढला आणि वरच्या स्तरासाठी नवे खेळाडू आणायला जवळजवळ काहीच उरले नाही. ज्यांनी वर नेले तेच खेळाडू घेऊन वरच्या विभागात उतरावे लागले आणि डिसेंबरपर्यंत आम्ही तळाच्या चार संघांत होतो. बढती ही क्लबला महाग पडू शकते, हे मी अनेक वर्षे वाचत होतो. स्वतः कलम लिहून दिल्यावर ते मला उमगले.

माझ्या डावाची वाटचाल थोडक्यात सांगायची तर पहिल्या हंगामात अकरावा क्रमांक, दुसऱ्यात सहावा आणि प्लेऑफच्या उपांत्य फेरीत पराभव, तिसऱ्यात तिसरा क्रमांक आणि थेट बढती. तिसऱ्या वर्षीच्या संघातला मधल्या फळीचा कणा म्हणजे सहाव्या स्तरावरून चाचणीसाठी आणलेला एक तरुण होता. हे अवास्तव वाटू नये. मोरकॅमच्या जवळच फ्लीटवुड हे मासेमारीचे जुने गाव आहे. तेथील क्लब लीगबाहेर असताना त्याच्याकडून लेस्टर क्लबने २०१२ मध्ये जेमी वार्डी या आघाडीपटूला दहा लाख पौंडांना घेतले आणि चारच वर्षांनी वार्डीच्या लेस्टरने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकली. असे खेळाडू खालच्या स्तरांवर असतात याची खात्री असल्यामुळेच खेळणारा रात्री एक वाजता आणखी एक अहवाल उघडतो. या खेळाची माहिती जगभरातले संशोधक प्रत्यक्ष सामने पाहून गोळा करतात, आणि तिचा दर्जा असा की एव्हर्टन क्लबने २००८ मध्ये ती आपल्या खेळाडूशोधासाठी वापरण्याचा करार केला होता.

उणिवाही आहेत. खेळ मराठीतच काय, हिंदीतही उपलब्ध नाही आणि वाचायचा मजकूर प्रचंड आहे. इंग्रजीचा सराव नसलेल्या मुलाला तो पहिल्याच दिवशी दमवील. पत्रकार परिषदांतले प्रश्न त्याच त्या वळणाचे असल्यामुळे त्या मी लवकरच सहायकाकडे सोपवल्या. संगणकाचे इतर क्लब मोकळे खेळाडू उचलण्यात संथ वाटतात, त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत धीर धरणाऱ्याला चांगले खेळाडू जरा अधिकच स्वस्तात मिळतात. कठीण खेळ हवा असलेल्याने हा लाभ स्वतःहून टाळावा. मी चौथ्या हंगामापासून तो टाळतो आहे.

सर्वांत मोठी मर्यादा मला खेळाबाहेर सापडली. माझा मोरकॅम वर जात असताना खरा मोरकॅम २०२३-२४ मध्ये पंधरावा आला, २०२४-२५ मध्ये तळाला राहून लीगबाहेर पडला आणि त्या उन्हाळ्यात पगार थकल्यामुळे बंद पडण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला. नॅशनल लीगने त्याला निलंबित केले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब वॉरियर्स या गुंतवणूकदार गटाने क्लब विकत घेतला आणि तीस वर्षांचे अश्वीर सिंग जोहल यांना व्यवस्थापक नेमले, तेव्हा कुठे संघ मैदानात उतरला. त्या आठवड्यांत मी रोज बातम्या पाहत होतो. खेळातही क्लब कर्जात बुडतात, मालक बदलतात, पण भरतीच्या ऐन दिवसांत कार्यालयाचे दारच बंद होईल की काय ही धास्ती कोणत्याही तक्त्यात उतरत नाही. मैदानावरचे मोजमापही नेहमी पुरेसे नसते. गेट्सहेड क्लबने २०२४ मध्ये नॅशनल लीगच्या प्लेऑफमध्ये स्थान मिळवले होते, परंतु स्टेडियमवरच्या दीर्घकालीन हक्काची अट पूर्ण न झाल्यामुळे त्यांना खेळूच दिले नाही.

हा खेळ खेळू इच्छिणाऱ्याने सुरुवात लीग टूपासून करावी. नॅशनल लीगमध्ये २४ संघांतून केवळ दोघांना बढती मिळते, त्यामुळे नवख्याचा उत्साह तेथे लवकर मावळतो. लीग टूमध्ये चार जागा असल्याने मार्च महिन्यापर्यंत आशा जिवंत राहते. खरा मोरकॅम २०२५ मध्ये त्या दोन जागांच्या लीगमध्ये जाऊन पडला. माझ्या डावात सध्या पाचव्या हंगामाचा जुलै सुरू आहे, डाव्या बगलेचा बचावपटू अजून मिळालेला नाही, आणि एकाला पाहायला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पाठवलेल्या स्काउटचा अहवाल यायचा आहे.